एक लिटर पेट्रोल म्हणजे किती युनिट? घरच्या चार्जिंगचा खरा हिशेब

मीटरवाचक (धागाकर्ता)

इलेक्ट्रिक आणि पेट्रोल गाडीच्या खर्चाची तुलना करताना एक चूक वारंवार दिसते. गाडीच्या पडद्यावर दिसणारा वापर घ्यायचा, त्याला विजेच्या दराने गुणायचं आणि शेजारी पेट्रोलचा खर्च मांडायचा. पडदा दाखवतो ती बॅटरीतून बाहेर पडलेली वीज. बिल येतं ते मीटरमधून आत आलेल्या विजेचं. या दोन आकड्यांत १० ते २० टक्क्यांचा फरक सहज पडतो.

दुसरी अडचण दरांची. ते जागोजागी वेगळे आणि सतत बदलणारे, त्यामुळे पैशात मांडलेला हिशेब सहा महिन्यांत शिळा होतो. म्हणून मी पैसे बाजूला ठेवून एकच आकडा काढतो: एक लिटर पेट्रोल किती युनिटांची बरोबरी करतं?

सूत्र असं: पेट्रोल गाडीचं अ‍ॅव्हरेज (किमी प्रति लिटर) × इलेक्ट्रिक गाडीला एका किमीला मीटरवर लागणारे युनिट.

उदाहरणार्थ, पडदा १०० किमीला १४ युनिट दाखवतो. चार्जिंगची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर मीटरवर साधारण १६.५ युनिट पडतात. तेवढ्याच आकाराची पेट्रोल गाडी लिटरला १५ किमी जाते. १५ × ०.१६५ = जवळजवळ २.५. म्हणजे एक लिटर पेट्रोलची किंमत अडीच युनिटांपेक्षा जास्त असेल तर इंधनापुरती इलेक्ट्रिक गाडी स्वस्त. कमी असेल तर महाग.

आपापल्या भागातला लिटरचा दर भागिले युनिटचा दर करा आणि २.५ शी ताडून बघा. माझा प्रश्न पुढचा आहे. हा २.५ कुठल्या परिस्थितीत किती हलतो, आणि घरच्या वायरिंगमुळे त्यात किती फरक पडतो? जाणकारांनी आकड्यांसकट लिहावं.

---

चक्रधर

मांडणी आवडली. पण एक सरासरी आकडा देऊ नका, तो फसवतो. शहर आणि महामार्ग वेगळे काढा.

शहरात, सिग्नलला थांबत थांबत: इलेक्ट्रिक पडद्यावर १२, मीटरवर १४. तीच वर्दळ पेट्रोल गाडीला लिटरला १० किमीवर आणते. १० × ०.१४ = १.४.

महामार्गावर, ताशी ११० च्या आसपास: इलेक्ट्रिक पडद्यावर २०, मीटरवर २२.५. पेट्रोल गाडी टॉप गिअरमध्ये १८ देते. १८ × ०.२२५ = ४ च्या थोडं वर.

त्याच दोन गाड्या, आणि बरोबरीचा आकडा १.४ पासून ४ पर्यंत. कारण सरळ आहे. शहरात इंजिन रिकामं फिरत राहतं (दीड लिटरचं इंजिन उभ्या गाडीत तासाला अर्धा-पाऊण लिटर सहज पितं), मोटर मात्र गाडी थांबली की थांबते आणि ब्रेक मारताना थोडी वीज परतही देते. महामार्गावर इंजिन त्याच्या आवडत्या भाराला चालतं, तर इलेक्ट्रिकला परत मिळवण्यासारखं काही उरत नाही. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून ११० वर गेलात की तो १.९ पट.

---

साधाप्रश्न

एक शंका. पेट्रोलच्या एका लिटरमध्ये सुमारे ९ युनिट ऊर्जा असते असं वाचलं आहे. मग बरोबरी ९ युनिटांशी का नाही, अडीचशी कशी?

---

ओहमकार

@साधाप्रश्न, ९ युनिट ही जाळल्यावर मिळणारी उष्णता. (साधारण ३२ मेगाज्यूल प्रति लिटर, भागिले ३.६, कारण एक युनिट म्हणजे ३.६ मेगाज्यूल.) त्यातली चाकापर्यंत जाते पाव हिस्सा किंवा त्याहून कमी. बाकी रेडिएटर आणि सायलेन्सर खातात. म्हणजे चाकाला मिळतात दोनच्या आसपास. इलेक्ट्रिकमध्ये अडीच युनिट मीटरवरून घेतले तर चार्जिंग, बॅटरी, मोटर असं सगळं वजा जाऊन चाकाला तितकेच दोनच्या आसपास मिळतात. हिशेब जुळतो.

---

साधाप्रश्न

समजलं. धन्यवाद.

---

तारजोड

आता मूळ प्रश्नाचा दुसरा भाग, म्हणजे वायरिंग आणि चार्जिंगमधली गळती. इथे बऱ्याच जणांचा समज उलटा असतो: "सावकाश चार्ज केलं की वीज कमी वाया जाते." बॅटरीच्या आयुष्याबद्दल त्यात तथ्य आहे. बिलाबद्दल नाही.

चार्ज होत असताना गाडी जागी असते. आतले कंट्रोलर, रिले, बॅटरी थंड ठेवणाऱ्या पाण्याचा पंप, १२ व्होल्टच्या बॅटरीला पुरवठा मिळून २०० ते ३०० वॉट सतत जातात. तुम्ही ६ अँपिअरने चार्ज करा नाही तर ३२ ने, हा खर्च तासाला तेवढाच. त्यावर गाडीतल्या चार्जरचे स्वतःचे ६ ते ८ टक्के. २३० व्होल्ट आणि २५० वॉट धरून:

६ अँपिअर: भिंतीतून १.३८ किलोवॉट, बॅटरीत जेमतेम १.०४. कार्यक्षमता ७५ टक्के.
१० अँपिअर: २.३ किलोवॉट, बॅटरीत १.९. म्हणजे ८३ टक्के.
१६ अँपिअर: ३.६८ किलोवॉट, बॅटरीत ३.२. म्हणजे ८७ टक्के.
३२ अँपिअर: ७.३६ किलोवॉट, बॅटरीत ६.७. म्हणजे ९० च्या वर, तारेतली गळती धरून ८९.

बॅटरीत ३० युनिट भरायचे तर १० अँपिअरने पावणेसोळा तास आणि ३६ युनिट, ३२ अँपिअरने साडेचार तास आणि ३३ च्या थोडं वर युनिट. @मीटरवाचक यांचा २.५ हा आकडा त्यामुळे ६ अँपिअरवर २.८ होतो आणि ३२ अँपिअरवर २.३५.

---

गुळगुळीत_रस्ता

म्हणजे सर्वांनी ३२ अँपिअरचा चार्जर बसवावा असं म्हणायचं आहे का?

---

तारजोड

नाही, अजिबात नाही. वाचणाऱ्या युनिटांतून चार्जर, जाड वायर आणि वाढीव मंजूर भार यांचा खर्च वसूल होतो का, ते आधी बघावं. महिन्याला १२०० किमी चालणाऱ्या गाडीला मीटरवर २०० युनिट लागतात. १० अँपिअरवरून ३२ वर गेल्यास त्यातले १२ ते १५ युनिट वाचतील. तेवढ्यासाठी दर महिन्याचा स्थिर आकार वाढत असेल तर उलट तोटा. स्थिर आकार ४० युनिटांच्या किमतीइतका वाढला, तर २०० युनिटांवर प्रत्येक युनिट २० टक्के महाग झाल्यासारखं आहे.

रोजची धाव ५० किमी असेल तर बॅटरीत ७ युनिट भरायचे असतात. १० अँपिअरने पावणेचार तासांत होतात. रात्र आठ तासांची धरली तर १० अँपिअरवर रोज १०० किमीची सोय होते आणि १६ अँपिअरवर १८० ची. ३२ अँपिअर हवा तो दोन गाड्या असतील, रोज लांबची धाव असेल किंवा स्वस्त दराचे तास अगदी थोडे असतील तेव्हा.

---

दरपत्रक

स्थिर आकाराचा मुद्दा निघालाच आहे तर दराबद्दल लिहिते. युनिटचा दर म्हणून एकूण बिल भागिले एकूण युनिट असा सरासरी दर धरू नका. गाडीसाठी लागतो तो शेवटच्या युनिटाचा दर.

टप्प्यांचं दरपत्रक असेल तर: घराचा वापर १५० युनिट, खालचा टप्पा २०० वर संपतो, गाडीचे २०० युनिट. त्यातले फक्त ५० खालच्या दराने पडतील आणि १५० वरच्या दराने. घर आधीच वरच्या टप्प्यात असेल तर गाडीचं प्रत्येक युनिट वरच्याच दराने. काही दरपत्रकांत तर एक मर्यादा ओलांडली की सगळ्याच युनिटांना वरचा दर लागतो. तिथे गाडीमुळे फ्रिज आणि पंखेही महाग होतात, आणि तो फरक गाडीच्या खात्यात टाकायला हवा. गाडी येण्याआधीचं आणि नंतरचं बिल त्याच महिन्याच्या घरवापरावर मांडून वजाबाकी करा, नेमका आकडा मिळेल.

जिथे गाडीसाठी वेगळं मीटर आणि वेगळा दर मिळतो तिथे ही गुंतागुंत सुटते. मात्र दुसऱ्या मीटरचा स्थिर आकारही वेगळा लागतो, तो विसरू नका.

---

रात्रपाळी

@दरपत्रक, यात वेळेनुसार दर राहिले. रात्री स्वस्त आणि संध्याकाळी महाग असा दर असेल तर चार्जिंगचा टायमर हीच सर्वांत मोठी बचत. वायरच्या जाडीने दोन टक्के वाचतील, टायमरने त्याच्या कित्येक पट.

टायमर लावताना एक गोष्ट पाळा. तो गाडीत लावा किंवा चार्जरमध्ये, दोन्हीकडे नको. दोन्हीकडे लावला की गाडी ठरलेल्या वेळी उठते, चार्जर वीज देत नाही, ती परत झोपते. तासाभराने चार्जर तयार होतो तेव्हा गाडीला जाग येत नाही. सकाळी बॅटरी होती तिथेच.

दुसरं म्हणजे चार्जरचं घड्याळ. वीज गेल्यावर काही साध्या चार्जरांचं घड्याळ शून्यावर जातं आणि मग ते ऐन महागाच्या वेळी सुरू होतात. गाडीतलं घड्याळ जास्त भरवशाचं, म्हणून टायमर शक्यतो गाडीत ठेवावा आणि चार्जर सदा चालू.

---

चक्रधर

स्वस्त दर सुरू होतो त्या मिनिटाला सगळ्या परिसरातल्या गाड्या एकदम सुरू झाल्या तर ट्रान्सफॉर्मरवर धक्का बसतो. ब्रिटनच्या २०२१ च्या नियमावलीत म्हणूनच घरच्या चार्जरला दहा मिनिटांपर्यंत यादृच्छिक विलंब घालायला लावला आहे. टायमर लावूनही चार्जिंग पाच-सात मिनिटं उशिरा सुरू झालं तर चार्जर बिघडला असं समजू नका.

---

जुनी_गाडी

सगळे आकडे ठीक, पण बॅटरीची झीज कुठे आहे? बॅटरी हा इंधनाच्या टाकीचाच भाग. तिची किंमत किलोमीटरवर वाटल्याशिवाय ही तुलना अपुरी आहे.

---

मीटरवाचक

@जुनी_गाडी, मुद्दा योग्य आहे, पण मग इंजिन, क्लच, गिअरबॉक्स, सायलेन्सर यांचीही झीज समोर मांडावी लागेल. हा धागा इंधनापुरता ठेवावा असं वाटतं. बहुतेक उत्पादक ८ वर्षं किंवा १,६०,००० किमीपर्यंत ७० टक्के क्षमतेची हमी देतात. तेवढ्या काळात तरी बॅटरी बदलण्याचा खर्च हिशेबात धरायचं कारण नाही.

---

जुनी_गाडी

असहमत. क्षमता २५ टक्के कमी झाली तर हमी लागू होत नाही, पण पल्ला कमी होतो आणि गाडीची विक्रीची किंमतही. तो खर्च खरा आहे, फक्त पावती उशिरा येते. इंजिनाची झीज जरूर मांडा, मी नको म्हटलेलं नाही. दोन्ही मांडा.

---

ओहमकार

दोघांच्या मध्ये एक व्यवहार्य गोष्ट. झीज कमी ठेवणं घरच्या चार्जिंगमध्ये फुकट जमतं. घरच्या सॉकेटचा वेग बॅटरीच्या दृष्टीने इतका कमी आहे की १० आणि ३२ अँपिअरमध्ये झिजेचा फरक जवळपास नाही. फरक पडतो तो बॅटरी भरलेल्या अवस्थेत, उन्हात, किती तास उभी राहते याने. निकेल असलेल्या बॅटरीला रोजची मर्यादा ८० टक्के ठेवा, लांबच्या प्रवासाआधीच १०० करा आणि ती निघण्याच्या वेळेला पूर्ण होईल असा टायमर लावा. लोह-फॉस्फेटची बॅटरी असेल तर उत्पादक बहुधा आठवड्यातून एकदा पूर्ण भरायला सांगतात. त्यामागे कारण आहे: तिचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतं, त्यामुळे पूर्ण भरल्याशिवाय गाडीला उरलेल्या टक्क्यांचा नेमका अंदाज राहत नाही.

---

थंडहवा

हिवाळ्याबद्दल कोणी लिहिलं नाही. थंड प्रदेशात बरोबरीचा आकडा पूर्ण बदलतो. इंजिनाची उष्णता फुकट असते, इलेक्ट्रिकला हीटर चालवावा लागतो. साधा कॉइलचा हीटर सुरुवातीला ३ ते ५ किलोवॉट ओढतो. अमेरिकेतल्या ट्रिपल-ए या वाहनचालकांच्या संस्थेने २०१९ मध्ये पाच गाड्यांवर चाचणी घेतली होती. उणे ७ अंशांना हीटर लावून पल्ला सरासरी ४१ टक्के घटला, तर ३५ अंशांना एसी लावून १७ टक्के.

पल्ला ४१ टक्के घटला म्हणजे दर किमी वापर ४१ टक्के वाढला असं नव्हे. १ भागिले ०.५९ करा, वापर सुमारे १.७ पट होतो. हे गणित बरेच जण चुकवतात.

हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता आत खेचणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत फटका कमी बसतो. आणि गाडी प्लगला लावलेली असतानाच आतून गरम करून घेतली तर पल्ला वाचतो. बिल मात्र वाचत नाही, ती वीजही मीटरमधूनच येते.

---

चक्रधर

@थंडहवा, मान्य, पण त्या थंडीत पेट्रोल गाडीचंही तेल घट्ट असतं आणि छोट्या फेरीत इंजिन गरमच होत नाही. गारठ्यातल्या चार-पाच किमीच्या फेऱ्यांना १५ ची गाडी ९ वर आली असं धरा. इलेक्ट्रिक मीटरवर १०० किमीला २६ घेईल. ९ × ०.२६ = २.३. बरोबरी पुन्हा होती तिथेच. थंडीत इलेक्ट्रिक मागे पडते ती लांबच्या, वेगाच्या प्रवासात.

---

थंडहवा

छोट्या फेऱ्यांपुरतं बरोबर. एक भर घालतो: गोठवणाऱ्या थंडीत १० अँपिअरचा चार्जर लावला तर त्यातली बरीच वीज बॅटरी गरम ठेवण्यातच जाते. पडद्यावर टक्के हलत नाहीत आणि मीटर फिरत राहतं. अशा वेळी गाडी घरी येताच, बॅटरी गरम असतानाच प्लग लावावा. स्वस्त दर मध्यरात्री सुरू होत असेल तर दोन्ही पर्याय एकेक आठवडा मोजून बघा. दरातला फरक मोठा असेल तर थांबणंच परवडतं.

---

सौरछत

छतावर सौरपॅनल असतील तर दुपारी चार्ज केलेली वीज "फुकट" धरू नका. ती वीज गाडीत गेली नसती तर ग्रिडला विकली गेली असती, म्हणून तिची किंमत म्हणजे विक्रीचा दर. युनिटाला युनिट अशी पूर्ण वजावट मिळत असेल तर सौर आणि ग्रिड यांत गाडीच्या दृष्टीने काहीच फरक नाही. विक्रीचा दर खरेदीपेक्षा खूप कमी असेल तरच दुपारचं चार्जिंग फायद्याचं.

तांत्रिक अडचण अशी की चार्जिंगच्या मानकाप्रमाणे ६ अँपिअरच्या खाली चार्जिंग होत नाही. एका फेजवर १.४ किलोवॉट, तीन फेजवर ४.१ किलोवॉट. ढगाळ दिवशी पॅनल ३ किलोवॉट देत असतील तर तीन फेजचा चार्जर सुरूच होणार नाही किंवा उरलेलं ग्रिडमधून ओढेल. फेज बदलणारा चार्जर किंवा सरळ एक फेजचाच बरा. आणि तारजोड यांनी दाखवलंच आहे, ६ अँपिअरला पाव वीज वाया जाते.

---

गुळगुळीत_रस्ता

साधा घरगुती १६ अँपिअरचा सॉकेट रोज आठ तास चालतो का? की काळा पडतो?

---

तारजोड

काळा पडतो, आणि कारण बहुतेक वेळा वायर नसून सांधा असतो. सॉकेटची पट्टी सैल झाली किंवा स्क्रू नीट आवळला नाही की तिथला रोध ०.१ ओहमपर्यंत जातो. उष्णता म्हणजे विद्युतप्रवाहाचा वर्ग गुणिले रोध. १६ अँपिअरला २५.६ वॉट, एका नखाएवढ्या जागेत, आठ तास. प्लास्टिक वितळायला पुरे. १० अँपिअरला तेच १० वॉट. म्हणून घरगुती सॉकेटवर गाडीची मर्यादा १० अँपिअर ठेवावी. गीझर अर्ध्या तासात बंद होतो, गाडी रात्रभर ओढते, हा फरक लक्षात ठेवा.

१६ अँपिअर रोज हवे असतील तर निळ्या रंगाचा औद्योगिक सॉकेट बसवा. मीटरजवळच्या बोर्डापासून स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप उडणारी कळ), मध्ये कुठेही जोड नाही. वायर तांब्याची, १६ अँपिअरला ४ चौरस मिमी, ३२ ला ६ चौरस मिमी, अंतर जास्त असेल किंवा वायर गरम जागेतून जात असेल तर १०. ३२ अँपिअरला ४० चा एमसीबी लावा. ३२ चाच लावला तर तो तासन्‌तास पूर्ण भाराने तापून उन्हाळ्यात विनाकारण उडतो. पण ४० चा एमसीबी लावला की वायरही ४० अँपिअर सहन करणारी हवी.

गुंडाळलेली एक्स्टेन्शन केबल कधीही वापरू नका. वेटोळ्यात उष्णता बाहेर पडत नाही.

पहिल्या दिवशी चार्जिंग सुरू करून तासाभराने प्लगचा माथा हाताने चाचपा. कोमट चालेल, हात टेकवत नसेल तर बंद करा. महिन्याभराने बोर्डाचा मेन बंद करून सगळे स्क्रू पुन्हा आवळा. गरम-गार होऊन तांबं दबतं आणि ते ढिले होतात.

---

ओहमकार

तारेतल्या गळतीचा हिशेब देतो म्हणजे जाडीबद्दल भ्रम राहणार नाही. अंतर २५ मीटर, जाऊन-येऊन ५०. ३२ अँपिअरला:

४ चौरस मिमी: ०.२३ ओहम, २३६ वॉट
६ चौरस मिमी: ०.१५४ ओहम, १५८ वॉट
१० चौरस मिमी: ०.०९ ओहम, ९४ वॉट

साडेचार तासांच्या चार्जिंगला ६ आणि १० मध्ये फरक ०.३ युनिट. वीज वाचवायला जाड वायर घेणं परवडत नाही. ती घ्यायची ती वायर थंड राहावी आणि व्होल्टेज पडू नये म्हणून. व्होल्टेज जास्त पडलं की बऱ्याच गाड्या आपणहून अँपिअर कमी करतात आणि लोक चार्जरला दोष देतात.

---

साधाप्रश्न

चार्जर "अर्थ फॉल्ट" दाखवून सुरूच होत नाही, अशा वेळी काय तपासायचं?

---

तारजोड

मल्टिमीटरने तीन मापं, जाणकार वायरमनकडून. फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. पहिली दोन जवळपास सारखी आणि तिसरं दोन-तीन व्होल्टच्या आत असायला हवं. न्यूट्रल-अर्थ १०-२० व्होल्ट दिसत असेल तर अर्थिंग कमकुवत आहे किंवा न्यूट्रलचा सांधा सैल आहे. जनरेटर किंवा इन्व्हर्टरवर न्यूट्रल तरंगता, म्हणजे जमिनीशी न जोडलेला, असतो, तिथेही चार्जर याच कारणाने नकार देतो.

काही जण सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ एका तुकड्याने जोडून चार्जरला चकवतात. हे कदापि करू नका. न्यूट्रल मागे कुठे तुटला तर गाडीचा संपूर्ण पत्रा जिवंत होतो. ओल्या जमिनीवर उभं राहून दाराला हात लावणाऱ्याचा जीव जाईल. चार्जर नकार देतो तो आपल्या भल्यासाठी.

आरसीसीबीही (वीज जमिनीकडे गळू लागली की उडणारी कळ) ३० मिलिअँपिअरचा, ए प्रकारचा घ्या आणि चार्जरमध्ये ६ मिलिअँपिअरची डीसी गळती ओळखण्याची सोय आहे का ते विचारा. नसेल तर बी प्रकारचा लागेल. जुन्या घरांत असतो तो एसी प्रकार गाडीकडून डीसी गळती आली की आंधळा होतो आणि गरजेच्या वेळी उडत नाही.

---

रात्रपाळी

हा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला. अर्थिंगवर वेगळा धागा काढाच.

---

जुनी_गाडी

मूळ तुलनेकडे येतो. समोर साधी पेट्रोल गाडी का धरता? आज नवी गाडी घेणाऱ्यापुढे हायब्रिडही (पेट्रोल इंजिनाच्या जोडीला छोटी बॅटरी आणि मोटर असलेली) आहे. ती शहरात २४ देते. २४ × ०.१६५ = ४. चक्रधर यांचा शहरातला १.४ कुठच्या कुठे गेला.

---

चक्रधर

हायब्रिड घेतली तर आकडा वाढतो, मान्य. पण शहरातला २४ घेतलात तर मीटरवरचा वापरही शहरातला घ्या, ०.१४. म्हणजे ३.४. दोन्ही गाड्यांना एकच रस्ता द्यायला हवा. तरीही जिथे युनिट महाग आणि पेट्रोल स्वस्त आहे तिथे हायब्रिड जिंकू शकते, हे खरं. बाहेरच्या जलद चार्जरवर अवलंबून राहणाऱ्याने तर हे आधी तपासावं, कारण तिथला युनिटचा दर घरच्यापेक्षा बराच जास्त असतो.

---

दरपत्रक

प्रमाणपत्रावरचे आकडे वापरणाऱ्यांसाठी: त्यावर १०० किमीला जे युनिट छापलेले असतात, ते डब्ल्यूएलटीपी (युरोपात वापरली जाणारी) आणि ईपीए (अमेरिकेतली) या दोन्ही चाचण्यांत चार्जिंगची गळती धरून असतात. त्यात पुन्हा १५ टक्के मिळवू नका. पडद्यावरचा आकडा घेतला तरच मिळवायचे. बॅटरीची क्षमता भागिले पल्ला केलं की छापील वापरापेक्षा कमी का येतं, याचं उत्तर हेच.

---

मीटरवाचक

सर्वांचे आभार. ही दुरुस्ती महत्त्वाची होती, माझ्या सूत्रात ती स्पष्ट नव्हती.

आता स्वतःचा आकडा कसा मोजायचा ते लिहितो. चार्जरच्या एमसीबीशेजारी बोर्डाच्या पट्टीवर बसणारं छोटं ऊर्जामीटर लावा, क्लास १ चं, म्हणजे चूक एक टक्क्याच्या आत. बॅटरी ७० टक्के असताना मीटरचं आणि किमीचं वाचन टिपा. किमान १००० किमी चालवून, सगळं चार्जिंग घरीच करून, पुन्हा ७० टक्क्यांवर चार्जिंग थांबवा आणि वाचन घ्या. टक्क्यांत एकाची चूक झाली तरी ५० युनिटांच्या बॅटरीत ती अर्ध्या युनिटाची, १६५ युनिटांच्या मानाने नगण्य. उभ्या गाडीचे कॅमेरे आणि ॲपची झोपमोड यांचा खर्चही यात आपोआप येतो. गाडीभोवती पाळत ठेवणारे कॅमेरे सतत चालू असतील तर २५० वॉटने दिवसाला ६ युनिट जातात, म्हणजे जवळजवळ ४० किमीची वीज गाडी न हलता.

पेट्रोल गाडीला टाकी फुल ते टाकी फुल, नोझल आपोआप बंद होईल तिथेच थांबायचं, सलग तीन टाक्यांची सरासरी. दोन्ही गाड्यांच्या टायरची हवा आधी सारखी तपासून घ्या.

---

सौरछत

कॅमेऱ्यांचा आकडा पाहून विचारतो, घरात उभ्या गाडीला ते आपोआप बंद राहतील अशी सोय असते ना?

---

मीटरवाचक

बऱ्याच गाड्यांत असते. सेटिंगमध्ये घराचं ठिकाण नोंदवून "घरी असताना बंद" असा पर्याय निवडा. आणि ॲप दर पाच मिनिटांनी उघडून टक्के बघू नका, प्रत्येक वेळी गाडी जागी होते आणि परत झोपायला तिला बराच वेळ लागतो.